नाव आणि ठिकाण : बंगळूरची प्रलेखनपरंपरा आणि तुटलेले परस्परसंदर्भ

कोशाच्या नोंदीखाली ‘पहा’ असा एकच शब्द छापलेला असतो. व्याकरणदृष्ट्या तो आज्ञार्थ असला तरी व्यवहारात ते एक वचन असते. वाचकाने सांगितलेल्या जागी जावे, तेथे त्याला हवी असलेली गोष्ट मिळेल, असे आश्वासन संपादक त्यातून देत असतो. हे आश्वासन पाळले गेले तर त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते मोडले की वाचक अडतो, आणि अडलेला वाचक बहुधा परत येत नाही. एका मजकुराने दुसऱ्या मजकुराकडे केलेल्या अशा निर्देशाला येथे ‘परस्परसंदर्भ’ म्हटले आहे. संगणकप्रणालींच्या माहितीपुस्तिकांत असे निर्देश तुटणे आणि ते पुन्हा जोडणे हे आज एक नित्याचे तांत्रिक काम मानले जाते. या कामामागे मात्र ग्रंथव्यवहाराइतकाच जुना प्रश्न उभा आहे : मजकुराची ओळख त्याच्या नावाने ठेवावी की त्याच्या ठिकाणाने? या प्रश्नाचा आधुनिक भारतातील इतिहास पाहू गेल्यास तो बंगळूर शहरात विशेष स्पष्टपणे दिसतो. ग्रंथालयशास्त्र, संगणकीय प्रलेखन आणि भारतीय भाषांतील ग्रंथांचे अंकीकरण हे तिन्ही प्रवाह या शहरात एकमेकांच्या जवळून वाहिले आहेत.

१. ओवी, अभंग आणि पृष्ठ

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. पोथीला पाने असत, परंतु एका पोथीचे पान दुसऱ्या पोथीच्या पानाशी जुळण्याची खात्री नसे. नकलकाराचे अक्षर, कागदाचा आकार आणि ओळींची संख्या यांवर पान अवलंबून असे. म्हणून ‘ज्ञानेश्वरी’चा संदर्भ अध्याय आणि ओवी यांच्या अंकांनी देण्याची पद्धत रूढ झाली. पान हे ठिकाण होय, ओवी हे नाव होय. पोथी बदलली, छपाई आली, खिळे बदलले, तरी अध्याय-ओवीचा अंक वाचकाला योग्य जागी, किंवा निदान तिच्या अगदी जवळ, नेऊन सोडतो.

तथापि नावही सर्वस्वी स्थिर नसते. एकनाथांनी १५८४ मध्ये सिद्ध केलेल्या शुद्ध प्रतीची परंपरा आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रत यांच्या पाठांत फरक आहे, आणि पाठ बदलला की ओव्यांची मोजणी हलते. तुकारामांच्या गाथेत ही अडचण अधिक तीव्र होते. मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या इंदुप्रकाश आवृत्तीतील अभंगांक आणि पुढील संपादकांच्या गाथांतील अभंगांक सारखे नाहीत. केवळ अंक देऊन गाथेचे नाव न देणारा संदर्भ वाचकाला एखाद्या अभंगापाशी नेतो खरा, पण तो लेखकाला अभिप्रेत असलेलाच अभंग असेल असे नाही. येथे दोन प्रकारचे दोष वेगळे करावे लागतात. सांगितलेल्या जागी काहीच नसणे हा पहिला. सांगितलेल्या जागी दुसरेच काही असणे हा दुसरा. पहिला दोष वाचकाच्या तत्काळ ध्यानात येतो. दुसरा येत नाही, म्हणून तो अधिक घातक होय.

कोशवाङ्मयात या अडचणीला काळाचीही जोड मिळते. वाई येथून लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि नंतरचे खंड अनेक दशके प्रसिद्ध होत राहिले. ‘अ’च्या नोंदीखाली ‘म’मधील नोंदीकडे बोट दाखवायचे, तर अजून न लिहिलेल्या मजकुराच्या शीर्षकाची हमी आधीच द्यावी लागते. पुढे ते शीर्षक बदलले किंवा ती नोंद दुसऱ्या नोंदीत विलीन झाली, तर छापून गेलेले ‘पहा’ मागे घेता येत नाही. म्हणूनच मोठ्या कोशाच्या कामात नोंदींची यादी आधी निश्चित करावी लागते आणि त्या यादीला संपादकीय शिस्तीत मध्यवर्ती स्थान मिळते.

२. रंगनाथन आणि बंगळूरचे प्रलेखनकेंद्र

शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी या प्रश्नाला भारतात शास्त्रीय रूप दिले. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडणारा त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये, द्विबिंदू वर्गीकरणपद्धती १९३३ मध्ये आणि वर्गीकृत तालिकेची संहिता १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५७ पासून त्यांचे वास्तव्य बंगळूरला होते. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अंतर्गत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांच्या पुढाकाराने याच शहरात स्थापन झाले. वाढत्या औद्योगिक आणि वैज्ञानिक संशोधनाला ग्रंथापेक्षा लहान घटकांची, म्हणजे लेखाची, अहवालाची, एखाद्या प्रकरणाची, नेमकी वाट दाखवणे हे प्रलेखनाचे काम, अशी या केंद्रामागील भूमिका होती.

जुन्या ग्रंथालयांत ग्रंथाची ओळख कपाट, फळी आणि फळीवरील क्रम यांवरून ठरे. हे स्थिर स्थान होय. कपाट हलवले की तालिकेतील प्रत्येक निर्देश खोटा पडे. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीने सापेक्ष स्थानाची कल्पना रूढ केली : अंक फळीचा नसून विषयाचा असतो, आणि ग्रंथ कोठेही हलवले तरी त्यांचा आपसातील क्रम टिकतो. रंगनाथनांच्या पद्धतीत वर्गांक, ग्रंथांक आणि संग्रहांक मिळून बोधांक बनतो. वाचकाला ग्रंथापर्यंत नेणारी खूण म्हणजे हा बोधांक.

त्यांच्या तालिकासंहितेतील परस्परसंदर्भ-नोंदीची रचना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एखाद्या ग्रंथाचे एखादे प्रकरण दुसऱ्याच विषयावर असेल, तर त्या दुसऱ्या विषयाच्या वर्गांकाखाली स्वतंत्र नोंद करावयाची. तिने मूळ ग्रंथाचा बोधांक, लेखक, शीर्षक आणि त्यातील नेमका भाग सांगावयाचा. ही नोंद कपाटाकडे बोट दाखवत नाही, बोधांकाकडे दाखवते. विषयाच्या नावापासून वर्गांकापर्यंत जाण्यासाठी त्यांनी शृंखलापद्धती सुचवली. तीत विषयाच्या व्यापक वर्गापासून सूक्ष्म उपवर्गापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला निर्देशसूचीत स्थान मिळते. वाचकाने नेमका शब्द न वापरता त्याहून व्यापक शब्द वापरला, तरी त्याच्यासाठी एक दार उघडे राहते. साखळीचा एक दुवा निसटला तरी वाट सर्वस्वी बंद होऊ नये, अशी ही योजना होती.

परंतु अर्थावर आधारलेल्या नावालाही वय असते. ज्ञानशाखा बदलल्या की वर्गीकरण बदलावे लागते. द्विबिंदू पद्धतीची सातवी आवृत्ती रंगनाथनांच्या पश्चात, १९८७ मध्ये, एम. ए. गोपीनाथ यांच्या संपादनाखाली निघाली. तीत अंकनात इतके बदल झाले होते की अनेक ग्रंथालयांनी सहाव्या आवृत्तीवरच राहणे पसंत केले. कारण उघड होते. नवी आवृत्ती स्वीकारायची तर फळ्यांवरील हजारो ग्रंथांचे बोधांक आणि त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या साऱ्या नोंदी बदलाव्या लागल्या असत्या. दुसरीकडे ग्रंथपालाच्या वहीतील दाखलांक, म्हणजे ग्रंथ आला त्या क्रमाने दिलेला निव्वळ आकडा, कोणत्याही आवृत्तीमुळे बदलत नाही. तो काही सांगत नाही, म्हणूनच खोटा ठरत नाही. अर्थपूर्ण नाव उपयुक्त असते पण जुने होते. अर्थहीन अंक टिकतो, पण त्याचा अर्थ सांगणारी वही कोणीतरी सांभाळावी लागते. या पेचाचे उत्तर पुढील पिढीला संगणकावर शोधावे लागले.

३. माहितीपुस्तिका आणि खुणेची युक्ती

पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये तेथे आपले केंद्र उघडले. त्यानंतरच्या दोन दशकांत हे शहर संगणकप्रणालींच्या निर्मितीचे, आणि त्याबरोबर तांत्रिक लेखनाचेही, मोठे क्षेत्र बनले. प्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर तिची माहितीपुस्तिका बदलते. प्रकरणे फोडली जातात, जोडली जातात, त्यांची शीर्षके सुधारली जातात. कोशाच्या संपादकाला अनेक दशकांत भेडसावणारी अडचण येथे दर काही आठवड्यांनी उभी राहते.

संगणकीय मजकुरात परस्परसंदर्भ तुटण्याची मुख्य कारणे तीन आहेत. पहिले, निर्देश प्रकरणाच्या क्रमांकाकडे केलेला असतो आणि मध्ये नवे प्रकरण घातल्याने क्रमांक सरकतो. दुसरे, निर्देश संचिकेच्या जागेकडे केलेला असतो आणि संचिका दुसऱ्या कप्प्यात जाते. तिसरे, निर्देशाचे लक्ष्य शीर्षकाच्या शब्दांवरून आपोआप बनवलेले असते. ‘स्थापना’ या शीर्षकाचे ‘स्थापना व मांडणी’ झाले की जुने लक्ष्य नाहीसे होते. शीर्षक सुधारणारा लेखक निर्दोष काम करत असतो, आणि त्याच कामाने दुसऱ्याचे वचन मोडते.

यावरील मूळ युक्ती डोनल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी-प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात उभारलेल्या लेटेकमध्ये स्पष्ट दिसते. लेखकाने लक्ष्याला आपल्या पसंतीची एक खूण द्यावयाची आणि निर्देश त्या खुणेकडे करावयाचा. पृष्ठ आणि क्रमांक यंत्राने भरावयाचे. खूण सापडली नाही तर छापील पानावर अंकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे उमटतात. ही प्रश्नचिन्हे दिसायला ओबडधोबड असली तरी प्रामाणिक आहेत. जेथे वचन पाळता येत नाही तेथे ते पाळल्याचा देखावा प्रणाली करत नाही. हेच तत्त्व पुढे वेगवेगळ्या रूपांत आले. आयबीएममध्ये उगम पावलेल्या आणि २००५ मध्ये ओएसिस संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेल्या डिटा या रचनेत २०१० पासून ‘किल्ली’ची सोय झाली : मजकूर किल्लीकडे बोट दाखवतो आणि कोणती किल्ली कोणत्या जागेची, हे वेगळ्या तक्त्यात एकदाच लिहिले जाते. गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथन भाषेच्या प्रलेखनासाठी तयार केलेली स्फिंक्स ही प्रणाली २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शीर्षकावर स्वतंत्र खूण ठेवता येते आणि खूण न सापडल्यास पुस्तिका बांधण्याची प्रक्रियाच थांबवता येते. एका प्रकल्पाच्या खुणांची यादी दुसऱ्या प्रकल्पाला वाचता यावी, अशीही सोय तिच्यात आहे.

प्रत्यक्ष दुरुस्तीच्या कामात यंत्राचा वाटा मर्यादित असतो. तुटलेल्या निर्देशांची यादी यंत्र क्षणात देते. पण प्रत्येक लक्ष्याचे पुढे काय झाले, म्हणजे त्याचे नाव बदलले, ते हलवले गेले, दुसऱ्यात मिसळले, दोन भागांत फुटले की काढून टाकले गेले, हे मनुष्याला मजकुराचा इतिहास वाचूनच ठरवावे लागते. नाव बदललेल्या लक्ष्याला जुन्या नावाची पाटी लावून वाट वळवता येते. फुटलेल्या लक्ष्याच्या बाबतीत निर्देश करणाऱ्या वाक्याचा अर्थ पाहून कोणता भाग अभिप्रेत होता ते ठरवावे लागते. काढून टाकलेल्या मजकुराच्या बाबतीत निर्देश करणारे वाक्यच पुन्हा लिहावे लागते. पाठचिकित्सा करणाऱ्या संपादकाला हे काम अपरिचित वाटणार नाही.

विश्वव्यापी जाळ्याने मात्र प्रश्नाचे परिमाण बदलले. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये युरोपीय अणुसंशोधन संस्थेत मांडलेला प्रस्ताव मुळात प्रलेखनाचाच होता. माणसे सतत बदलणाऱ्या मोठ्या संस्थेत माहिती हरवू नये, हा त्याचा हेतू होता. त्यापूर्वीच्या काही रचनांत दुवे दोन्ही बाजूंनी नोंदवण्याची कल्पना होती. जाळ्यात दुवा एकमार्गी राहिला. कोणीही कोणाकडेही परवानगीवाचून बोट दाखवू शकतो, म्हणून जाळे वाढले. पण आपल्याकडे कोण बोट दाखवत आहे हे लक्ष्याला कळत नाही, म्हणून ते नकळत वचने मोडत राहते. त्याचे फलित ज्ञानव्यवहारात दिसू लागले. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तेथील काही विधिविषयक नियतकालिकांत दिलेल्या दुव्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक, आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील ५० टक्के दुवे मूळ मजकुराकडे नेत नसल्याचे आढळले.

४. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया : एक मोडलेली आणि सांधलेली वाट

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना याचा सर्वांत मोठा अनुभव बंगळूरमधूनच आला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी यांच्या प्रेरणेने दहा लाख ग्रंथांच्या अंकीकरणाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प या शतकाच्या आरंभी सुरू झाला. त्याची भारतीय शाखा म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था हे तिचे प्रमुख केंद्र होते आणि एन. बालकृष्णन हे तिचे सूत्रधार होते. संस्कृत, मराठी, कन्नड, तेलुगू, बंगाली, उर्दू आणि इतर भाषांतील, बाजारात न मिळणारे लाखो ग्रंथ त्यामुळे प्रथमच घरबसल्या पाहता येऊ लागले. शोधनिबंधांच्या टिपांत, विश्वकोशीय नोंदींत आणि संदर्भसूच्यांत या ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचे पत्ते येऊ लागले.

या ग्रंथालयाची सूची सदोष होती. भारतीय भाषांतील शीर्षके बहुतांशी रोमन लिपीत, आणि तीही ठराविक नियमावाचून, लिहिलेली होती. दीर्घ-ऱ्हस्वाचा भेद नाही, जोडाक्षरे तोडलेली, लेखक आणि संपादक यांची अदलाबदल, अशी तिची स्थिती होती. म्हणून शीर्षक शोधून ग्रंथापर्यंत पोचणे दुरापास्त होते आणि अभ्यासक पत्त्यावरच भिस्त ठेवीत. पत्ता मात्र ठिकाणाचा होता, नावाचा नव्हता. २०१७ च्या सुमारास हे संकेतस्थळ वाचकांसाठी बंद झाले आणि त्या पत्त्यांकडे बोट दाखवणारे सारे निर्देश एकाच वेळी निकामी झाले.

तरीही ग्रंथ नष्ट झाले नाहीत. पब्लिक रिसोर्स या संस्थेचे कार्ल मालमूड यांनी या संग्रहातील चार लाखांहून अधिक ग्रंथांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहालयात ठेवल्या होत्या. तेथे प्रत्येक ग्रंथाच्या ओळखचिन्हात मूळ संकेतस्थळाचे नाव, ‘२०१५’ हा पूर्वप्रत्यय आणि मूळ नोंदीचा क्रमांक कायम ठेवला गेला. यातील ‘२०१५’ हे ग्रंथाचे प्रकाशनवर्ष नव्हे, जुन्या सूचीतील नोंदक्रमांकाचाच तो एक भाग आहे. याचा परिणाम महत्त्वाचा झाला. ज्या संदर्भात तो नोंदक्रमांक उतरवला होता, त्याची वाट नव्या जागी पुन्हा जोडता आली. ज्यात केवळ ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियावर उपलब्ध’ एवढेच लिहिले होते, त्याला रोमन लिपीतील अराजकात शीर्षक शोधण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. ग्रंथपालाच्या वहीतील दाखलांकाप्रमाणेच हा अर्थहीन क्रमांक टिकला, कारण प्रत करणाऱ्याने तो सांभाळला. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उभारलेले आणि २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय प्रामुख्याने इतर संग्रहांतील सामग्रीच्या नोंदी एकत्र आणून तिची वाट दाखवते. त्यामुळे निर्देशांच्या निगराणीचा प्रश्न तेथेही केंद्रस्थानी आहे.

५. तुलनाकाराची निकड

तौलनिक अभ्यासकाचे काम निर्देशांवर इतर कोणाहूनही अधिक अवलंबून असते. याचे उदाहरण बंगळूरच्याच इतिहासात आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर या शहरात होती. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. संस्कृतबरोबर अनेक देशी भाषांतील रचना सामावणारा हा ग्रंथ मराठीच्या, कन्नडच्या आणि हिंदीच्या अभ्यासकाला सारखाच हवा असतो. रोमन लिपीत त्याचे शीर्षक एक शब्द मानून, तीन शब्द तोडून, ‘चंपू’ऐवजी ‘चम्पू’ लिहून अशा अनेक प्रकारांनी येऊ शकते. तीन भाषांतील तीन अभ्यासकांनी तीन रूपे वापरली, तर त्यांचे संदर्भ एकाच ग्रंथाकडे जात आहेत हे यंत्राला कळत नाही, आणि पुष्कळदा माणसालाही कळत नाही. दोन भाषांतील चर्चा शेजारी राहूनही एकमेकींना भेटत नाहीत. तुटलेल्या निर्देशाची खरी किंमत ही आहे.

या साऱ्या इतिहासातून काही गोष्टी निष्पन्न होतात. केवळ ठिकाण सांगणारा निर्देश ठिकाणाबरोबर मरतो. केवळ अर्थ सांगणारा निर्देश अर्थ बदलला की ढळतो. केवळ अंक सांगणारा निर्देश वही हरवली की मुका होतो. म्हणून विद्वत्तापूर्ण संदर्भाने तिन्ही गोष्टी द्याव्यात : ग्रंथाचे नाव त्याच्या मूळ लिपीत आणि आवृत्तीसह, मजकुरातील नैसर्गिक घटकाचा अंक म्हणजे ओवी, अभंग, उल्लास किंवा प्रकरण, आणि संग्रहातील स्थिर क्रमांक. संकेतस्थळाचा पत्ता त्यानंतर यावा. तो सोयीसाठी असतो, ओळखीसाठी नसतो. मराठी ग्रंथांच्या अंकीकृत सूचीत देवनागरी शीर्षक आणि संपादकांची नावे शुद्ध करून घेण्याचे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि ते भाषा जाणणाऱ्यांवाचून कोणी करू शकणार नाही.

रंगनाथनांनी परस्परसंदर्भ-नोंदीला ग्रंथालयीन सेवेचा भाग मानले होते. बंगळूरच्या तांत्रिक लेखकाला आज तुटलेला दुवा सांधताना जी शिस्त पाळावी लागते, तिचे मूळ त्याच विचारात आहे. निर्देश एकदा लिहून संपत नाही. लक्ष्याच्या प्रत्येक बदलाबरोबर तो कोणीतरी पुन्हा वाचावा लागतो. पोथीच्या काळी हे काम नकलकार आणि पाठशोधक करीत, छपाईच्या काळी कोशसंपादक आणि ग्रंथपाल करीत. अंकीकृत संग्रहांच्या काळात ते कोणाचे, हे जोवर संस्था आपल्या नियमांत लिहून ठेवत नाहीत, तोवर ते काम कोणाचेच राहत नाही.